खाण बंद झाली, आजार थांबला नाही

सोन्याचा पाठ शिकवताना आपण कर्नाटकातील कोलारचे नाव हमखास घेतो. पण तेथील खाणी २००१ साली बंद झाल्या. त्यानंतर तेथील माणसांचे काय झाले? हा प्रश्न केवळ अर्थशास्त्राचा नाही, आरोग्याचाही आहे.

कोलार गोल्ड फील्ड्समध्ये आधुनिक खाणकाम १८८० च्या सुमारास सुरू झाले. शिवनसमुद्रच्या जलविद्युत केंद्राची वीज तेथे १९०२ मध्येच पोहोचली. चॅम्पियन रीफ ही खाण ३ किलोमीटरहून अधिक खोल गेली. खोली वाढली, खडकातील सोन्याचे प्रमाण घटले आणि खाण तोट्यात गेली.

येथील सोने क्वार्ट्झच्या शिरांमध्ये सापडते. क्वार्ट्झ म्हणजे सिलिका. खडक फोडताना उडणारे तिचे अतिसूक्ष्म कण श्वासाबरोबर फुप्फुसातील वायुकोशांपर्यंत जातात. तेथील भक्षक पेशी हे कण गिळतात, पण पचवू शकत नाहीत. पेशी मरतात, कण पुन्हा मोकळे होतात आणि त्या जागी वण धरत जातो. फुप्फुस ताठर होते, दम लागतो. हाच सिलिकोसिस. तो बरा होत नाही. काम सोडल्यानंतरही तो वाढू शकतो आणि क्षयरोगाचा धोकाही वाढवतो.

म्हणजे पगार थांबला तरी रोग थांबत नाही. थांबते ती उपचाराची सोय. कोलारमध्ये घरे, पाणी, वीज, रुग्णालय सारे खाणीवर अवलंबून होते. खाणीपाठोपाठ रुग्णालयही बंद पडले.

मागे उरले ते चुऱ्याचे डोंगर. खडक दळून सायनाइडने सोने काढल्यावर उरलेला हा गाळ. ऊन व हवेमुळे सायनाइडचे बरेचसे विघटन होते, सिलिकेचे मात्र होत नाही. वारा सुटला की ही धूळ वस्तीत येते. खाणीत कधीही न उतरलेल्यांच्या श्वासातही ती जाते.

गावात काम नाही म्हणून हजारो माणसे रोज रेल्वेने बंगळुरूला जातात. जाऊन येऊन सुमारे २०० किलोमीटर! झोप, विश्रांती आणि मुलांबरोबरचा वेळ यांतूनच हा प्रवास वजा होतो.

आपल्या परिसरात एखादी बंद गिरणी, खाण किंवा कारखाना असेल, तर विद्यार्थ्यांना एक साधी यादी करायला सांगावी : त्या उद्योगाबरोबर पगाराखेरीज आणखी काय काय गेले आणि काय मागे उरले? उद्योग बंद करण्याच्या हिशेबात ही यादीही धरायला हवी, हे त्यांना आपोआप उमगेल.