मसाई माराला जाताय? मग मे महिना विसरा!

हल्ली ओळखीपाळखीत कुणी ना कुणी आफ्रिकेला जाऊन आलेले असते. हळदीकुंकवाला बायका जमल्या की एकीच्या मोबाइलवर सिंहिणीची पिल्ले, दुसरीच्या मोबाइलवर जिराफ! मग आपल्याही घरात बेत शिजू लागतो. मुलांच्या परीक्षा एप्रिलमध्ये संपतात, मे महिन्यात यजमानांना रजा मिळते, चला, मेमध्येच केनिया करून येऊ! सुट्टी म्हणजे मे महिना हे गणित आपल्या डोक्यात इतके पक्के बसले आहे, की तिकडचे आकाश त्या वेळी काय करत असते हे विचारायचे कुणाला सुचतच नाही.

तिकडे त्या वेळी पाऊस पडत असतो. केनियात मार्चअखेरपासून मेपर्यंत मोठा पाऊस आणि नोव्हेंबर-डिसेंबरात धाकटा पाऊस, असे दोन हंगाम. मसाई माराची बरीचशी जमीन आपल्या विदर्भ-मराठवाड्यासारखी काळी, कापसाची. ती भिजली म्हणजे काय होते हे ज्यांचे माहेर तिकडचे आहे त्यांना सांगायला नकोच! गाड्या रुततात, गवत उंच वाढलेले असते, त्यात सिंह चार हातांवर बसला असला तरी दिसत नाही. सवलतीच्या जाहिराती नेमक्या याच दिवसांच्या का असतात, ते आता लक्षात आले ना? हौशी छायाचित्रकारांना ढगाळलेले आकाश आणि हिरवे माळ आवडतात, त्यांची गोष्ट वेगळी. आपण मुलाबाळांना घेऊन, मुदतठेव मोडून जाणार. आपल्याला प्राणी दिसायला हवेत.

मग जावे कधी? मसाई माराचे अभयारण्य सुमारे १,५०० चौरस किलोमीटरचे आहे आणि ते टांझानियातल्या सेरेंगेटीला लागूनच आहे. प्राण्यांना सीमा ठाऊक नसते. तेरा लाखांच्या आसपास विल्डबीस्ट (गाईसारखे तोंड, घोड्यासारखी शेपटी आणि दाढी, असा तो प्राणी!), त्यांच्याबरोबर लाखो झेब्रे आणि हरणे, असा हा सगळा कबिला गवताच्या मागे वर्षभर फिरत असतो. जानेवारी ते मार्च सेरेंगेटीच्या दक्षिणेला त्यांची बाळंतपणे होतात. जुलैच्या सुमारास ते माराकडे पोचतात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात परत फिरतात. मारा नदी ओलांडतानाची ती मगरींची प्रसिद्ध चित्रे याच काळातली. पण कळप नदीवर कधी उतरेल हे कळपालाच ठाऊक! “अमुक तारखेला क्रॉसिंग दाखवतो” असे कुणी प्रवास कंपनीवाला छातीठोकपणे सांगू लागला, तर तिथेच सावध व्हावे.

म्हणजे प्रश्न आला शाळेचा. मी स्वतः शाळेत शिकवते, म्हणून हे बोलायला जरा संकोच वाटतो. पण पाचवी-सहावीतले मूल ऑगस्टात गणपतीच्या सुट्टीला जोडून आठ दिवस आले नाही, तर काही आभाळ कोसळत नाही. वर्गशिक्षिकेला आधी चिठ्ठी द्यावी आणि परतल्यावर वह्या पुऱ्या करून घ्याव्यात. दहावी-बारावीचे घर असेल तर मात्र बेत सरळ दोन वर्षे पुढे ढकलावा. दिवाळी ऑक्टोबरच्या मध्याला आली, तर तीही सुट्टी चालते.

आणखी एक वाट आहे, तिच्याकडे फारसे कुणी पाहत नाही. जानेवारी-फेब्रुवारी हे तिथले कोरडे दिवस. कळप तेव्हा टांझानियात असतात हे खरे. पण सिंह, हत्ती, चित्ते, जिराफ, पाणघोडे हे माराचे कायमचे रहिवासी, ते कुठे जात नाहीत. शिवाय अभयारण्याची फी! २०२४ सालापासून परदेशी प्रौढ पाहुण्याला दर दिवशी जानेवारी ते जून १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर पडतात. नवरा-बायको तीन दिवस राहिली, तर एका हंगामात ६०० आणि दुसऱ्यात १,२०० डॉलर, तेही नुसते आत शिरायचे! नाताळच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी अभयारण्यातले दिवस १ जानेवारीच्या पुढे ठेवता येतात का पाहावे. सहलीच्या किमतीत ही फी किती दिवसांची धरली आहे, हे कंपनीकडून लिहून घ्यावे. निघण्याच्या दिवसाची फी वेगळी निघाली म्हणजे ऐन वेळी चिडचिड होते.

आता ज्या गोष्टीवरून घराघरांत कुरबुर होते, तिच्याकडे वळू. ती म्हणजे पिवळ्या तापाची लस आणि घरातली वडील माणसे.

गंमत अशी की, ही लस भारतातून थेट जाणाऱ्याकडे केनिया मागत नाही. मागतो तो आपलाच देश, परत येताना! हा ताप ज्या डासांमुळे पसरतो ते डास आपल्याकडे भरपूर आहेत, रोग मात्र नाही. तो येऊ नये म्हणून सरकार इतके कडक आहे. दाखला नसेल तर परतल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. लस एकदाच घ्यावी लागते आणि २०१६ सालापासून तिचा दाखला जन्मभर चालतो. मात्र टोचल्यापासून दहा दिवसांनी तो लागू होतो. शिवाय ही लस सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि तिथे आधी वेळ घ्यावी लागते. म्हणून निघण्यापूर्वी महिना-दीड महिना तरी हे काम उरकून टाकावे.

साठीच्या पुढे पहिल्यांदाच ही लस घेणाऱ्यांना गंभीर त्रास होण्याचा धोका थोडा जास्त असतो. तसा त्रास क्वचितच होतो, पण होतो. अंड्याची तीव्र अॅलर्जी, गरोदरपण, किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू असणे, यांतही डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. डॉक्टरांनी लस नको म्हणून पत्र दिले, तरी त्यामुळे विलगीकरण टळेलच असे धरू नये. म्हणून आधी डॉक्टर, मग पैसे, असा क्रम ठेवावा. बऱ्याच घरांत नेमके उलटे होते: अॅडव्हान्स भरून होतो आणि मग सासूबाईंच्या रक्तदाबाची फाइल उघडली जाते.

पण म्हणून “आई, तुम्ही घरीच थांबा, तिकडे धक्के फार असतात,” असे परस्पर ठरवून टाकणेही मला पटत नाही. सासूबाईंनी आयुष्यभर सगळ्यांच्या सहलींचे डबे भरले. त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जावे, जे आहे ते त्यांच्यासमोर बोलावे आणि निर्णय त्यांचा त्यांना घेऊ द्यावा. त्यांची कंबर दुखत असेल, तर नैरोबीहून माराला मोटारीने पाच-सहा तास जाण्याऐवजी छोट्या विमानाने तासाभरात पोचता येते. खर्च वाढतो, पण एखादे ठिकाण कमी केले की तो भरून निघतो. विमानात सामान पंधरा किलोच्या आसपासच चालते आणि तेही मऊ पिशवीत. कडक सुटकेस घेत नाहीत. मलेरियाच्या गोळ्यांचेही त्याच भेटीत विचारून घ्यावे. आणि प्रवासाचा विमा उतरवताना रानातून विमानाने इस्पितळात हलवण्याचा खर्च त्यात आहे ना, तेवढे एक वाक्य नीट वाचावे.

ठिकाणांचे म्हणाल, तर सहा दिवसांत अंबोसेली, नाकुरू, नैवाशा आणि मारा अशी सहल कागदावर फार घसघशीत दिसते. प्रत्यक्षात निम्मे दिवस गाडीत जातात. अंबोसेलीहून माराला पोचायला जवळजवळ अख्खा दिवस लागतो. मी म्हणेन मारात सलग तीन रात्री राहावे आणि फार तर आणखी एक ठिकाण घ्यावे. सकाळी न दिसलेला चित्ता दुसऱ्या दिवशी दिसतो, त्यासाठी दुसरा दिवस हाताशी लागतो! चित्त्याचे तर आपल्याला विशेष अप्रूप. आपल्याकडून तो नाहीसा झाल्याचे १९५२ साली जाहीर झाले आणि २०२२ साली नामिबियाहून आणलेले चित्ते कुनोत सोडले गेले. मुलांना हे आधी सांगून ठेवावे. आणि आफ्रिकेत वाघ नसतो हेही, नाही तर तीन दिवस तेच विचारत बसतात!

कंपनीला आणखी एक प्रश्न विचारावा: एका गाडीत माणसे किती आणि प्रत्येकाला खिडकी मिळणार का? मधल्या जागेवर बसून आफ्रिका पाहणे म्हणजे भरल्या लोकलमधून समुद्र पाहण्यासारखे आहे. खिडकीजवळून आधी नवरा, मग मुले आणि मधे आपण, असे नेहमीप्रमाणे होऊ देऊ नका, बरं का! दुर्बीणही घरात एकच नको. एक मुलांकडे गेली की परत येत नाही.

सामान बांधताना पहिले आश्चर्य म्हणजे थंडी. आफ्रिका म्हटले की आपण सुती फ्रॉक काढतो. पण मारा समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरांहून उंच आहे आणि जुलै-ऑगस्टात पहाटे उघड्या छताच्या गाडीत हुडहुडी भरते. स्वेटर, कानटोपी, मोजे हवेतच. दुपारी मात्र ऊन चटकते. कपडे मातकट, खाकी, फिकट हिरव्या रंगाचे असावेत. गर्द निळा आणि काळा रंग त्सेत्से माश्यांना खेचतो, टांझानियातही जाणार असाल तर हे विशेष पाळावे. सैनिकी छापाचे कपडे मुळीच नेऊ नयेत. विजेची बटणे विलायती पद्धतीची, तीन चौकोनी पिनांची असतात. तसा अॅडाप्टर मुंबईतूनच न्यावा.

दुसरे आश्चर्य प्लास्टिकचे. केनियाने २०१७ साली प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली आणि २०२० सालापासून संरक्षित वनांत एकदाच वापरायचे प्लास्टिकही चालत नाही. आपली तर चपलांपासून चिवड्यापर्यंत सगळे कॅरी-बॅगमध्ये बांधायची सवय! जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवाव्यात, खाऊला स्टीलचे डबे आणि पाण्याला घरची बाटली. खाऊही बेताचाच न्यावा. शाकाहारी जेवण चांगले मिळते, कारण आपल्या लोकांची तिथे पिढ्यान्‌पिढ्या वस्ती आहे. चपाती आणि समोसा तर आता केनियाचेच होऊन गेले आहेत. मक्याच्या पिठाचा घट्ट उगाली आणि सुकुमा विकी नावाची पालेभाजी जरूर खाऊन पाहावी. सुकुमा विकी म्हणजे “आठवडा ढकल”. महिनाअखेरीची ही भाजी कुणा गृहिणीला समजावून सांगायला नको.

एक गोष्ट कुणी माहितीपत्रकात छापत नाही. गाडी एकदा रानात शिरली की तीन-चार तास संडास नाही. म्हणून पुष्कळ बायका पाणीच पीत नाहीत आणि संध्याकाळी डोके धरून बसतात. असे करू नये. चालकाला निःसंकोच सांगावे. तो सुरक्षित जागा पाहून गाडी थांबवतो आणि आपण गाडीच्या मागेच जायचे असते, झुडपात नाही. सैलसर स्कर्ट किंवा पायघोळ झगा या वेळी सोयीचा पडतो. पाळीची तारीख जवळ असेल, तर कागदी पिशव्या जवळ ठेवाव्यात आणि सगळे मुक्कामावर परत आणावे. रानात काही टाकू नये.

भाषेची भीती बाळगू नका. “सफारी” म्हणजे स्वाहिलीत नुसता प्रवास, आपल्या “सफर”चा सख्खा भाऊ. दुकानाला “दुका”, मोटारीला “गारी” आणि चहाला “चाय” म्हणतात. आभार मानायला “असांते” म्हणावे. मसाई वस्ती पाहायला गेलात, तर पैसे आधी ठरवावेत आणि फोटो विचारूनच काढावा. आपल्या दारात येऊन कुणी न विचारता आपले फोटो काढू लागले तर आपल्याला चालेल का?

२०२४ सालापासून केनियाला व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवासपरवाना लागतो. त्याची प्रत, विम्याचा कागद आणि लसीचे पिवळे पुस्तक पासपोर्टबरोबर हातातल्या पर्समध्येच ठेवावे. विशेषतः ते पिवळे पुस्तक मोठ्या बॅगेत टाकू नका. मुंबईला उतरल्यावर ते दाखवावे लागते आणि बॅगा त्यानंतर हाती येतात.