वेढ्यांमध्ये दडलेला सूर: गिटारचा पिकअप बदलण्यापूर्वी

तंबोरा सुरात मिळवला, तरी जवारी जमल्याशिवाय त्याला झंकार येत नाही. मिरजेचे कारागीर घोडीचा पृष्ठभाग कानसेने हलकेच घासतात आणि त्याच तारांतून निराळा नाद निघू लागतो. तारा त्याच, भोपळा तोच. बदलते ती तार आणि घोडी यांच्यातील सूक्ष्म भेट. इलेक्ट्रिक गिटारच्या बाबतीत हे स्थान बऱ्याच अंशी पिकअपकडे जाते. म्हणूनच गिटारचा आवाज रुचेनासा झाला की वादक नवे वाद्य घेण्याऐवजी पिकअपमध्ये फेरफार करण्याचा विचार करतात. हा विचार चुकीचा नाही. मात्र त्यातील काही बदल क्षणात मागे घेता येतात, तर काही कायमचे ठरतात. हा भेद ओळखणे महत्त्वाचे आहे.

पिकअपची रचना साधी आहे. चुंबकाभोवती तांब्याच्या अतिशय बारीक तारेचे हजारो वेढे दिलेले असतात. चुंबकामुळे वरची पोलादी तारही किंचित चुंबकित होते. ती कंप पावली की वेटोळ्यातून जाणारा चुंबकीय प्रवाह बदलतो आणि वेटोळ्यात अल्पसा विद्युतदाब निर्माण होतो. हाच दाब पुढे अॅम्प्लिफायरकडे जातो. नायलॉनच्या तारांवर असा पिकअप मुका राहतो, त्याचे कारण हेच.

ही तार उघडी नसते. तिच्यावर इनॅमलचा लेप असतो, म्हणून वेढे एकमेकांना चिकटून असले तरी वीज आडवाटेने जात नाही. दादरा नगर हवेलीतील सुरंगी गाव ज्या सिल्वासा परिसरात मोडते, तो परिसर अशा इनॅमलयुक्त तांब्याच्या तारांच्या उत्पादनासाठी उद्योगजगतात परिचित आहे. पंखे, मोटारी आणि ट्रान्सफॉर्मर यांच्यासाठी वापरली जाणारी तार आणि पिकअपची तार एकाच जातीची; फरक जाडीचा. पिकअपमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या ४२ गेजच्या तारेचा व्यास सुमारे ०.०६३ मिलिमीटर, म्हणजे केसाइतका असतो. एका साध्या सिंगल कॉइल पिकअपमध्ये तिचे साधारण ७,६०० ते ८,००० वेढे असतात.

सुराचे शिखर

वेटोळ्याला स्वतःचे इंडक्टन्स असते आणि गिटारच्या केबलला कपॅसिटन्स. दोहोंच्या मेळातून एक अनुनादाची कंप्रता ठरते. तिच्या आसपासचे स्वर उठून दिसतात आणि तिच्या वरचे झपाट्याने क्षीण होतात. सिंगल कॉइलचे इंडक्टन्स २.५ हेन्री आणि पाच मीटर केबलसह एकूण कपॅसिटन्स ६०० पिकोफॅरड धरले, तर हे शिखर ४,१०० हर्ट्झच्या जवळ येते. केबल दुप्पट लांबीची केली की ते सुमारे ३,००० हर्ट्झपर्यंत उतरते आणि आवाज मंद भासतो. कधी कधी दोष पिकअपचा नसून लांबलचक केबलचा असतो, तो असा.

आधी उंची, मग सोल्डरिंग

पहिला प्रयोग केवळ स्क्रूड्रायव्हरने होतो. पिकअप तारांच्या जवळ आणला की आवाज वाढतो. फार जवळ आणला तर चुंबक तारेलाच ओढू लागतो, तिचे कंपन बिघडते आणि वरच्या पट्ट्यांवर स्वर बेसूर होतो. शेवटच्या पट्टीवर तार दाबून पिकअपपर्यंतचे अंतर दोन ते अडीच मिलिमीटर ठेवावे आणि तेथून कानाने ठरवावे.

दुसरा टप्पा नियंत्रकांचा. सिंगल कॉइलसाठी बहुधा २५० किलोओहमचे आणि हंबकरसाठी ५०० किलोओहमचे पॉट वापरतात. मूल्य जितके कमी, तितके शिखर बोथट. कर्कश गिटारला सौम्य करण्यासाठी अनेकदा एवढा स्वस्त बदल पुरतो.

दोन वेटोळ्यांचे गणित

सिंगल कॉइलचा जुना दोष म्हणजे घरच्या विजेची घरघर. आपल्याकडे वीजप्रवाह ५० हर्ट्झचा आहे आणि त्याचे पडसाद वेटोळ्यात उमटतात. गिब्सन कंपनीचे अभियंता सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये यावरील उपायाच्या पेटंटसाठी अर्ज केला. १९५९ मध्ये ते मंजूर झाले. शेजारी ठेवलेली दोन वेटोळी परस्परांच्या उलट जोडायची आणि त्यांचे चुंबकध्रुवही उलटे ठेवायचे. त्यामुळे घरघर एकमेकांना छेदते, तारेचा स्वर मात्र एकवटतो. हाच हंबकर.

हंबकरला चार वाहक तारा असतील, तर छोट्या स्विचने दोन्ही वेटोळी एकामागून एक किंवा समांतर जोडता येतात. समांतर जोडणीत इंडक्टन्स जवळपास चौथाईवर येते, आवाज उजळ पण हलका होतो आणि घरघर येत नाही. एकच वेटोळे चालू ठेवल्यास सिंगल कॉइलसारखा सूर मिळतो. त्याबरोबर घरघरही परतते.

परतीची वाट नसलेले बदल

चुंबक बदलणे, वेढे वाढवणे वा कमी करणे हे पुढचे टप्पे. वेढे दहा टक्क्यांनी वाढवले तर इंडक्टन्स सुमारे एकवीस टक्क्यांनी वाढते आणि शिखर खाली सरकते: आवाज मोठा, पण गडद. बाजारात पिकअपची ताकद किलोओहममध्ये सांगण्याची प्रथा दिशाभूल करणारी आहे. बारीक तार वापरली तर वेढे न वाढताही रोध वाढतो.

या बाबतीत क्वीन या वाद्यमंडळाचे ब्रायन मे यांचे उदाहरण बोधक आहे. याच मंडळाचे गायक फ्रेडी मर्क्युरी हे पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेले फारोख बुलसारा. त्यांचे आडनाव सिल्वासाजवळच्या वलसाडशी नाते सांगते. मे यांनी १९६३ मध्ये वडिलांच्या मदतीने गिटार घडवण्यास आरंभ केला आणि पिकअपही स्वतःच गुंडाळले. मात्र तार ओढून स्वर चढवताना त्यांतून नकोसा आवाज येई. अखेर त्यांनी बर्न्स कंपनीचे तयार पिकअप घेतले, त्यांची शिट्टी थांबवण्यासाठी वेटोळ्यांत अॅराल्डाइट भरले आणि प्रत्येक पिकअपला स्वतंत्र स्विच दिले. पुढे जगाने ओळखलेल्या त्या सुराची विविधता वेढ्यांपेक्षा जोडणीतून अधिक आली.

अॅराल्डाइट भरलेले वेटोळे पुन्हा उलगडता येत नाही. आज त्याच कामासाठी बहुधा मेण वापरतात. तेही थेट ज्योतीवर नव्हे, तर गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवून. तापमान वाढले की प्लॅस्टिकची रीळ वाकते आणि मेण पेट घेऊ शकते.

गोव्यासारख्या दमट किनारी प्रदेशात आणखी एक पथ्य आहे. पावसाळ्यात जॅक आणि स्विच गंजतात व आवाज तुटक होतो. तो दोष पिकअपच्या माथी मारून वेटोळे उघडले, तर केसाएवढी तार तुटते आणि निरोगी पिकअप निकामी होतो. लग्नसमारंभ, फेस्त आणि हॉटेलांतील वादनावर ज्यांची उपजीविका आहे, त्यांना ही चूक महागात पडते. म्हणून आधी केबल, जॅक आणि उंची तपासावी, नंतर पॉट व जोडणी बदलावी. वेढ्यांना हात लावायचाच असेल, तर मूळ पिकअप काढून जपून ठेवावा आणि प्रयोग दुसऱ्यावर करावा.