वऱ्हाडचा परतीचा पाऊस: गैरसमज आणि वस्तुस्थिती

उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर आणि मधे पूर्णा नदीचं सपाट खोरं. अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांतला हा वऱ्हाडचा पयनघाट. जमीन काळी, भारी, पाणी धरून ठेवणारी. खारपाणपट्ट्यात तर शेत एकदा चिबडलं की वाफसा यायला दिवसचे दिवस लागतात. सप्टेंबरच्या अखेरीस इथं सोयाबीन सोंगणीला येतं आणि मागोमाग कपाशीची बोंडं फुटू लागतात. सोयाबीन ओलं झालं तर शेंगांना कोंब फुटतात; जास्त दिवस उभं ठेवलं तर उन्हानं शेंगा तडकून दाणे शेतातच सांडतात. म्हणून या दिवसांत पाऊस किती पडणार यापेक्षा तो कोणत्या दिवशी पडणार, हे कळणं मोलाचं असतं. काही पक्के बसलेले गैरसमज नेमके तिथेच आडवे येतात.

गैरसमज: ३० सप्टेंबरला पावसाळा संपतो.

वस्तुस्थिती: १ जून ते ३० सप्टेंबर हा पाऊस मोजण्याचा हंगाम आहे. ही तारीख हिशेबाची आहे, ढग ती पाळत नाहीत. हवामान खात्यानं २०२० मध्ये मान्सूनच्या सर्वसाधारण तारखा सुधारल्या. पश्चिम राजस्थानातून माघार सुरू होण्याची तारीख १ सप्टेंबरऐवजी १७ सप्टेंबर झाली. मुंबईतून मान्सून निघण्याची सर्वसाधारण तारीख आता ८ ऑक्टोबर आहे आणि देशभरातून तो साधारण १५ ऑक्टोबरपर्यंत निघतो. त्यामुळे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वऱ्हाडात पाऊस आला तर तो अवकाळी नव्हे, हंगामाचाच भाग असतो.

गैरसमज: परतीचा पाऊस म्हणजे उत्तरेकडून परत फिरलेल्या ढगांचा पाऊस.

वस्तुस्थिती: ढग माघारी फिरत नाहीत. वायव्य भारतात सलग पाच दिवस पाऊस थांबला, हवेतली आर्द्रता बरीच घटली आणि खालच्या थरात घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरणारे कोरडे वारे प्रस्थापित झाले, की तिथून माघार जाहीर होते. मग ही कोरड्या हवेची सीमा हळूहळू दक्षिणेकडे सरकते. तिच्या अलीकडे ओलावा शिल्लक असतोच, आणि बंगालच्या उपसागरातली कमी दाबाची क्षेत्रं त्यात भर घालतात. २६ सप्टेंबर २०२१ रोजी ‘गुलाब’ चक्रीवादळ आंध्र प्रदेशात कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर आलं. जमिनीवर ते विरलं, पण त्याचे अवशेष विदर्भ आणि मराठवाड्याला झोडपत अरबी समुद्रापर्यंत गेले आणि तिथं त्यांतून ‘शाहीन’ हे नवं वादळ उभं राहिलं. २८ सप्टेंबरला यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेड तालुक्यात पुलावरून पाणी वाहत असताना एसटी बस वाहून गेली, ती याच पावसात. म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरात वऱ्हाडच्या शेतकऱ्यानं पश्चिमेइतकंच पूर्वेकडेही लक्ष ठेवावं.

गैरसमज: सकाळी लख्ख ऊन म्हणजे दिवस कोरडा जाणार.

वस्तुस्थिती: या दिवसांत बरेचदा उलट घडतं. ओली जमीन उन्हानं तापते, दमट हवा वर चढते आणि दुपारनंतर उंच ढग उभे राहतात. संध्याकाळी गडगडाट, सोसाट्याचा वारा आणि विजा. सोंगणीला माणसं शेतात असतात तीच ही वेळ. पाऊस चुकवायला झाडाखाली थांबणं सर्वांत धोक्याचं. गडगडाट ऐकू आला की पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जावं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप जवळपासच्या विजांची सूचना देतं.

गैरसमज: ‘सरासरीपेक्षा जास्त पाऊस’ म्हणजे आपल्या गावातही जास्तच.

वस्तुस्थिती: मासिक अंदाज मोठ्या प्रदेशाचा आणि शक्यतेच्या भाषेतला असतो. देशासाठी सप्टेंबरची सरासरी १६७.९ मिलिमीटर धरली जाते आणि तिच्या ९१ ते १०९ टक्के पाऊस ‘सामान्य’ गणला जातो. त्यावरून एका शिवाराचं भाकीत करता येत नाही. दैनंदिन अंदाजातले शब्दही मोजून वापरलेले असतात. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे फार तर पाव भागात. ‘काही ठिकाणी’ म्हणजे निम्म्यापर्यंत. ‘तुरळक ठिकाणी जोरदार पाऊस’ असा इशारा असताना आपलं शेत कोरडं राहिलं, तर तो अंदाज चुकला असं होत नाही.

गैरसमज: एल निनो आला की पाऊस गेला.

वस्तुस्थिती: एल निनोमुळे कमी पावसाची शक्यता वाढते, निकाल ठरत नाही. १९९७ मध्ये प्रबळ एल निनो असूनही देशात सरासरीइतका पाऊस झाला. २०२३ च्या एल निनो वर्षात ऑगस्टमध्ये ३६ टक्के तूट पडली, पण सप्टेंबर सरासरीपेक्षा जास्त बरसला. हंगामाच्या शेवटच्या टप्प्यात उपसागरात काय शिजतंय, हे अधिक महत्त्वाचं.

गैरसमज: नक्षत्राचं वाहन पाहून पाऊस ओळखता येतो.

वस्तुस्थिती: उत्तरा, हस्त, चित्रा ही सूर्याची स्थानं आहेत. त्यांच्या तारखा दरवर्षी जवळपास त्याच असतात. पेरणी-काढणीचा काळ लक्षात ठेवायला जुन्या माणसांनी त्यांचा उत्तम उपयोग केला. पण वाहन हत्ती आहे की म्हैस, याचा हवेतल्या बाष्पाशी किंवा दाबाशी संबंध नाही. वाहनाच्या भरवशावर सोंगणी पुढे ढकलू नये.

मग सोंगणीचं ठरवायचं कसं? महिन्याचा अंदाज फक्त दिशा कळण्यासाठी वाचावा. दर गुरुवारी पुढच्या आठवड्यांचा विस्तारित अंदाज येतो, त्यावरून मजूर आणि मळणीयंत्राची बोली करावी. मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला निघतो. तो ‘मेघदूत’ ॲपवरही मिळतो. विळा लावण्याआधी मात्र पुढच्या तीन-चार दिवसांचा जिल्ह्याचा अंदाज पाहावा आणि तेवढी उघडीप असेल तरच, एका दिवसात सुडी लावून झाकता येईल इतकंच सोयाबीन सोंगावं. पिवळा इशारा असेल तर लक्ष ठेवावं, नारिंगी असेल तर ताडपत्री आणि माणसं तयार ठेवावीत, लाल असेल तर सोंगणी थांबवावी. पाऊस आपल्या हातात नाही, पण कापलेलं पीक किती वेळ उघड्यावर राहील हे बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे.