तळाचा संघ खाली जाईल का? आइस हॉकीतील बढती-घसरणीबद्दलचे गैरसमज

मुंबईच्या कांगा लीगमध्ये क्लब तळाला गेला की पुढच्या मोसमात तो खालच्या गटात खेळतो आणि खालच्या गटात चमकलेला क्लब वर येतो. आयपीएलमध्ये शेवटचा आलेला संघ मात्र पुढच्या वर्षीही आयपीएलमध्येच असतो. उत्तर अमेरिकेतली नॅशनल हॉकी लीग, म्हणजे एनएचएल, या दुसऱ्या प्रकारातली. १९१७ साली माँट्रियलमध्ये स्थापन झालेल्या या साखळीत आज ३२ संघ आहेत आणि कितीही सामने हरले तरी कुणालाही बाहेरचा रस्ता दाखवला जात नाही.

तिथेही बढती-घसरण आणावी, ही कल्पना हॉकीप्रेमींमध्ये वरचेवर निघते. मला ती मनापासून आवडते. पण तिच्या बाजूने आणि विरुद्ध जे बोलले जाते त्यातले बरेचसे वस्तुस्थितीला धरून नसते.

गैरसमज : आइस हॉकीच्या खेळात ही पद्धत चालतच नाही.

ती युरोपात रोज चालते. स्वीडनच्या अव्वल साखळीत, एसएचएलमध्ये, १४ संघ आहेत. तेराव्या आणि चौदाव्या क्रमांकाचे संघ मोसमाअखेर सात सामन्यांची मालिका खेळतात आणि हरणारा खाली जातो. नावाजलेल्या क्लबांनाही यातून सुटका नाही. स्टॉकहोमचा युर्गोर्डेन १६ वेळा राष्ट्रीय विजेता. २०२२ मध्ये तो घसरला आणि परतायला २०२५ उजाडले. येव्ले शहराचा ब्रिनेस ६० वर्षांहून अधिक काळ अव्वल साखळीत होता, त्याच्या नावावर १३ विजेतेपदे होती. २०२३ मध्ये तोही गेला. पण पुढे काय झाले तेही पाहायला हवे. ब्रिनेस एका वर्षात वर आला आणि २०२५ मध्ये थेट अंतिम मालिकेत पोहोचला. तिथे तो लुलेओकडून हरला, पण घसरण म्हणजे क्लबचा शेवट, हा समजही त्याने खोटा पाडला.

सगळ्यांचेच असे होत नाही. पीटर फोर्सबर्ग आणि सेडीन बंधू हे नामवंत खेळाडू ज्या क्लबातून पुढे आले तो मोडो २०१६ मध्ये घसरला, त्याला परतायला सात वर्षे लागली आणि २०२५ मध्ये तो पुन्हा खाली गेला. याउलट व्हेक्शो लेकर्सची कथा आहे. शहरातला जुना क्लब दिवाळखोरीत गेल्यावर १९९७ मध्ये हा नवा क्लब उभा राहिला, अगदी खालच्या पायरीपासून खेळत २०११ मध्ये अव्वल साखळीत आला आणि २०१५ मध्ये विजेता झाला. बंद साखळीत अशी वाट कुणालाच उपलब्ध नसते.

स्वित्झर्लंड आणि जर्मनीतही हा दरवाजा उघडा आहे. राष्ट्रीय संघांच्या जागतिक स्पर्धेतही अव्वल गटातल्या १६ पैकी दोन संघ दरवर्षी खाली जातात. ब्रिटनचा संघ २०२२ मध्ये गेला, पुढच्या वर्षी त्याने बढती मिळवली, २०२४ मध्ये पुन्हा घसरला आणि २०२५ मध्ये पुन्हा वर आला.

गैरसमज : एनएचएलचा तळाचा संघ एएचएलमध्ये पाठवायचा आणि तिथला विजेता वर आणायचा, एवढेच तर करायचे आहे.

सर्वांत जास्त पसरलेला आणि सर्वांत चुकीचा समज हाच. अमेरिकन हॉकी लीग, म्हणजे एएचएल, ही दर्जाने एनएचएलच्या लगेच खालची साखळी आहे. पण ती स्वतंत्र दुसरी श्रेणी नाही. तिच्यातही ३२ संघ आहेत आणि प्रत्येक संघ एकेका एनएचएल संघाशी जोडलेला आहे. तिथले बहुतेक महत्त्वाचे खेळाडू वरच्या संघाशी करारबद्ध असतात. तयार व्हायला ते खाली खेळतात आणि वर कुणी जखमी झाला की त्यांना बोलावणे येते.

पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी या चॉकलेटच्या गावाचा हर्शी बेअर्स घ्या. २०२३ आणि २०२४ अशी सलग दोन वर्षे एएचएलचे विजेतेपद, म्हणजे काल्डर कप, त्याने जिंकला. एकूण १३ वेळा. प्रेक्षकसंख्येत तो एएचएलच्या आघाडीच्या संघांत असतो. क्लबची मालकीही एनएचएलकडे नसून हर्शीतल्याच कंपनीकडे आहे. बढतीसाठी याहून लायक उमेदवार मिळणे कठीण. आता तो खरोखर वर गेला असे धरा. त्याचे चांगले खेळाडू वॉशिंग्टन कॅपिटल्सच्या करारावर आहेत. हर्शीचा सामना वॉशिंग्टनशीच पडला तर ते कुणाकडून खेळणार? वॉशिंग्टनने त्यांना परत बोलावले तर हर्शीकडे उरणार कोण? आणि कॅपिटल्सच घसरले तर आपल्याच जोडसंघाच्या खालच्या साखळीत ते खेळणार का?

युरोपातल्या दुसऱ्या श्रेणीतला क्लब आपले खेळाडू स्वतः करारबद्ध करतो, स्वतःच्या युवा संघांतून घडवतो आणि विकतोही. म्हणून तो वर जातो तेव्हा संघासकट जातो. हर्शीला ते शक्य नाही, आणि स्पर्धेचे नियम बदलून ही अडचण सुटत नाही. एएचएल संघांना आपले खेळाडू स्वतः घेण्याची मोकळीक आधी मिळाली पाहिजे, आणि त्यासाठी सगळी करारव्यवस्थाच नव्याने मांडावी लागेल.

गैरसमज : घसरणीची धास्ती आली की मुद्दाम हरणे थांबेल, मग सगळे ठीक होईल.

पहिला अर्धा भाग बऱ्याच अंशी खरा आहे. एनएचएलमध्ये नव्या तरुण खेळाडूंची निवड ड्राफ्टने होते आणि तळाच्या संघांना आधी निवडायची संधी मिळते. मुद्दाम तळ गाठण्याला आळा बसावा म्हणून १९९५ पासून पहिल्या निवडीसाठी लॉटरी आहे, तरी मोह सुटलेला नाही. मार्च २०१५ मध्ये बफेलोच्या घरच्या मैदानावर ॲरिझोनाने जादा वेळेत विजयी गोल केला तेव्हा बफेलोच्याच प्रेक्षकांनी जल्लोष केला. त्या वर्षीच्या ड्राफ्टमधला सर्वांत गाजलेला तरुण, कॉनर मॅकडेव्हिड, त्यांना हवा होता. बफेलो शेवटचा आला, पण लॉटरी एडमंटनने जिंकली. आपल्याच संघाच्या पराभवावर लोकांनी टाळ्या वाजवाव्यात, यात खेळाचा मोठा तोटा आहे असे मला वाटते.

पण मग २००३-०४ चा मोसम आठवावा. तेव्हा एनएचएलमध्ये ३० संघ होते. सर्वांत तळाला ५८ गुणांचा पिट्सबर्ग, त्याच्या वर प्रत्येकी ५९ गुणांचे शिकागो आणि वॉशिंग्टन. त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये वॉशिंग्टनला ओव्हेच्किन आणि पिट्सबर्गला माल्किन मिळाला. २००५ मध्ये पिट्सबर्गला क्रॉस्बीही मिळाला. शिकागोने २००६ मध्ये टेव्झ आणि २००७ मध्ये केन घेतला. २००९ ते २०१८ या दहा वर्षांत एनएचएलचे विजेतेपद, म्हणजे स्टॅन्ली कप, या तीन शहरांत सात वेळा गेले. ड्राफ्टच्या जागी घसरण असती तर हे तिघेही दुय्यम साखळीत गेले असते आणि हे खेळाडू आधीच बलाढ्य असलेल्या, श्रीमंत संघांकडे वळले असते.

ड्राफ्ट तळाच्या संघाला हात देतो, तर घसरण त्याला शिक्षा करते. दोन्ही एकाच तक्त्यावर तशाच ठेवल्या तर एकच संघ एकाच वेळी शिक्षा आणि बक्षीस घेऊन बसेल.

गैरसमज : बर्फावर जिंकले की बढती पक्की.

जर्मनीची अव्वल साखळी डीईएल. २०२४ मध्ये आउग्सबुर्ग तळाला राहिला, तरी घसरला नाही. दुय्यम साखळी जिंकणाऱ्या रेगेन्सबुर्गने वरच्या साखळीच्या परवान्यासाठी अर्जच केला नव्हता. आर्थिक हमी आणि स्टेडियमच्या अटी पूर्ण करणारा विजेताच वर जातो. २०२५ मध्ये मात्र ड्रेस्डेन वर आला आणि आठ वेळचा विजेता ड्युसेलडॉर्फ खाली गेला.

गैरसमज : आडवा येतो तो फक्त मालकांचा हट्ट.

मालकांनी कायमची जागा विकत घेतली आहे. वेगासने प्रवेशासाठी ५० कोटी डॉलर मोजले, सिॲटलने ६५ कोटी. घसरण आली तर ही किंमत कोण भरून देणार, यावर पहिल्याच दिवशी कोर्टकचेरी सुरू होईल. खेळाडू संघटनाही सहज तयार होणार नाही, कारण साखळीच्या उत्पन्नातला निम्मा वाटा खेळाडूंचा असतो आणि प्रत्येक संघाला पगारावर किमान खर्च करावाच लागतो. २०२५-२६ साठी ही किमान रक्कम ७ कोटी डॉलरच्या वर आहे. उत्पन्न आटलेला, घसरलेला संघ अनेक वर्षांच्या करारांचे हे ओझे कसे पेलणार?

मात्र बंद दाराचेही नुकसान आहे. ॲरिझोना कायोटीज २००९ मध्ये दिवाळखोरीत गेले आणि २०२२ ते २०२४ ही दोन वर्षे विद्यापीठाच्या जेमतेम पाच हजारांच्या स्टेडियममध्ये खेळले. तरी त्यांची जागा अबाधित होती. २००९ मध्येच उद्योजक जिम बाल्सिली यांनी तो संघ विकत घेऊन कॅनडात टोरोंटोजवळच्या हॅमिल्टनला न्यायचा प्रयत्न केला, पण न्यायालयात तो टिकला नाही. टोरोंटोच्या आसपास हॉकीवेडे लोक लाखांनी आहेत, त्यांत आपली मराठी घरेही आहेत. तरी त्या अख्ख्या पट्ट्यात एनएचएलचा संघ एकच, आणि त्याने शेवटचा स्टॅन्ली कप १९६७ मध्ये जिंकला. खुल्या साखळीत हॅमिल्टनचा क्लब खालून खेळत वर आला असता.

व्यवहारात बसणारी रचना मला एकच दिसते. एनएचएलनेच आपल्या ३२ संघांच्या १६-१६ च्या दोन श्रेणी कराव्यात, उत्पन्न दोन्हींत वाटावे आणि दरवर्षी दोन संघ वर-खाली करावेत. घसरणाऱ्या दोघांना ड्राफ्टमध्ये आधी निवडू द्यावे, पण त्या खेळाडूंच्या बळावर परतीची वाट त्यांनी स्वतः खेळून काढावी. तोटा उघड आहे. आज प्रत्येक संघ मोसमात दुसऱ्या प्रत्येक संघाशी किमान दोनदा खेळतो. मग खालच्या श्रेणीतल्या शहरांना मॅकडेव्हिडसारखा खेळाडू घरच्या मैदानावर दिसणार नाही. हर्शीलाही या रचनेत जागा नाही. तरीही मोसमाच्या शेवटच्या महिन्यात तळाच्या संघाचे प्रेक्षक आपल्या संघाच्या विजयासाठी ओरडतील, आणि माझ्या मते त्यासाठी ही किंमत मोजावी.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी वसंतात स्वीडनमधली तळाच्या दोघांची मालिका एकदा सलग पाहावी आणि मग आपले मत ठरवावे.