रात्री दुखणारे पाय

मिरा रोडच्या एखाद्या सोसायटीत मूल संध्याकाळभर खाली पकडापकडी खेळतं, जेवून झोपतं आणि मध्यरात्री ‘आई, पाय दुखतायत’ म्हणत रडत उठतं. सकाळी मात्र शाळेची बस पकडायला तेच मूल जिना धडाधड उतरतं.

ही ‘वाढीची दुखणी’. 1823 मध्ये मार्सेल ड्युशाँ या फ्रेंच डॉक्टरांनी हे नाव दिलं. पण हाडं वाढल्यामुळे ती होतात, असं सिद्ध झालेलं नाही. साधारण 3 ते 12 वर्षांच्या मुलांत पोटऱ्या, नडग्या, मांड्या किंवा गुडघ्यामागचा भाग दुखतो; बहुधा दोन्ही पायांत.

अशा वेळी मुलाला ‘नाटक करतोस’ म्हणू नये. कोमट खोबरेल तेल लावून पोटऱ्या हलक्या हाताने चोळाव्यात, सोसवेल असा शेक द्यावा. झोपण्यापूर्वी पाय ताणण्याचे व्यायामही उपयोगी पडतात. फारच दुखलं तर डॉक्टरांनी वजनानुसार सांगितलेलं पॅरासिटामॉल द्यावं. अ‍ॅस्पिरिन देऊ नये.

एकच पाय सतत दुखणं, लंगडणं, सांध्याला सूज, ताप, वजन घटणं किंवा सकाळीही न थांबणारी वेदना दिसली, तर बालरोगतज्ज्ञांकडे किंवा भाईंदर पश्चिमेच्या पंडित भीमसेन जोशी रुग्णालयासारख्या सरकारी रुग्णालयात लगेच दाखवावं.