विसार देण्यापूर्वी जमिनीचा नमुना

वाशीच्या धान्यबाजारात पोत्याच्या तोंडाशी असलेली मूठभर ज्वारी पाहून कोणी सौदा करीत नाही. पोत्याच्या पोटात लोखंडी नळी खुपसून आतला दाणा तळहातावर घ्यायचा, ओल, खडा, कीड पाहायची आणि मगच भाव बोलायचा, अशी पेढीवरची जुनी रीत आहे. हाच चोखंदळ व्यापारी भूखंड घेताना मात्र रस्त्याची रुंदी, स्थानकाचे अंतर आणि चटईक्षेत्र पाहून विसार देतो. वकिलाकडून तीस वर्षांच्या मालकीहक्काचा शोध घेतला जातो, पण त्याच जमिनीच्या तीस फूट खाली काय आहे, हे विचारण्याची वेळ येते ती किंमत चुकती होऊन बांधकामाचे अंदाजपत्रक हाती आल्यावर.

वाशीत हा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही. पूर्वेला पारसिकच्या डोंगररांगा आणि पश्चिमेला ठाण्याची खाडी, यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्ट्यात हे नगर वसले आहे. डोंगराचा कातळ बेसॉल्टचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. तुर्भे-बेलापूरकडे डोंगराच्या पायथ्याशी तो लवकर लागतो आणि खाडीकडे जावे तसतसा खोल जातो. त्यावर जीर्ण झालेला खडक, मग मुरूम आणि सर्वांत वर खाडीची काळी, चिकट माती, असा सर्वसाधारण क्रम आढळतो. 1970 साली स्थापन झालेल्या सिडकोने हे नगर उभारण्यास घेतले, तेव्हा येथे भातखाचरे, मिठागरे आणि भरतीच्या पाण्याखाली जाणारी खारजमीन होती. तिच्यावर भराव घालून भूखंड पाडले गेले. भरतीच्या वेळी पावसाचे पाणी साठावे म्हणून धारण तलाव राखावे लागले, यावरूनच जमिनीची मूळ पातळी ध्यानात येते.

भरावाचा गुणधर्म नीट समजून घेतला पाहिजे. खाडीच्या मातीत पाणी पुष्कळ असते, पण ते बाहेर पडण्याचा वेग फार मंद. वरून मुरुमाचे ओझे पडले की ती माती वर्षानुवर्षे पाणी सोडत आक्रसत राहते आणि जमीन खचत जाते. पायलिंग करून खडकावर टेकवलेली इमारत जागच्या जागी राहते, भोवतालची जमीन मात्र खाली जाते. मग पायऱ्या जोत्यापासून सुटतात, सांडपाण्याचे नळ सांध्यात तुटतात, आवारातील फरशी वाटीसारखी बसते. एवढेच नव्हे, तर खचणारी माती पाइलला चिकटून तिलाही खाली ओढते, म्हणून इमारतीच्या वजनात हे ओझेही धरावे लागते. जपानमध्ये ओसाकाजवळ समुद्रात भराव घालून बांधलेला कान्साई विमानतळ 1994 मध्ये सुरू झाला. तळाची समुद्री माती दबत गेल्याने ते बेट आजवर दहा मीटरहून अधिक खचले आहे. तेथील अभियंत्यांनी खचणे आधीच गृहीत धरले होते, तरी प्रत्यक्ष माप अंदाजापुढे गेले.

परीक्षेची पद्धत पेढीवरच्या नळीहून फारशी वेगळी नाही. बोअर घेताना ठरावीक खोलीवर एक पोकळ नळी मातीत ठोकतात. 63.5 किलोचा हातोडा 75 सेंटिमीटरवरून सोडायचा, पहिले 15 सेंटिमीटर सोडून द्यायचे आणि पुढचे 30 सेंटिमीटर आत जाण्यास किती घाव लागले ते मोजायचे. अहवालात हा आकडा ‘एन’ या अक्षराखाली असतो. खाडीच्या मऊ मातीत तो चारच्याही खाली असू शकतो. खडक लागल्यावर घाव थांबवून हिऱ्याच्या दातांच्या बिटाने त्याची कांडी काढली जाते. दहा सेंटिमीटर किंवा त्याहून लांब तुकड्यांची बेरीज कापलेल्या लांबीच्या किती टक्के भरते, त्यावरून खडकाची प्रत ठरते. हे प्रमाण 75 टक्क्यांच्या वर असेल तर खडक चांगला, 25 च्या खाली असेल तर अगदी हलका. खाडीलगतच्या भूखंडासाठी पाण्यातील क्लोराइड व सल्फेट यांचेही आकडे मागावेत. एक लोखंडी सळ्या गंजवते, दुसरे काँक्रीट पोखरते.

डोंगराच्या बाजूला भूखंड घेणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. येथे पहिला धोका धोंड्याचा असतो. मातीत अडकलेला मोठा धोंडा लागला की बोअरवाला ‘खडक आला’ म्हणून यंत्र थांबवतो आणि त्याखालची माती तशीच अज्ञात राहते. म्हणून खडक लागल्यावरही काही मीटर पुढे छिद्र नेण्याचा आग्रह धरावा. लाव्हाच्या दोन थरांमध्ये कोठे कोठे तांबूस ‘रेड बोल’ असतो. तो कोरडा असताना घट्ट भासतो, पण पाण्याने मऊ पडतो. शिवाय पारसिकच्या रांगेत दगडखाणी चालत आल्या आहेत, तेव्हा एखादी जागा भरून काढलेल्या खाणीवर तर नाही ना, हे जुन्या नकाशांवरून आणि गावातील वयोवृद्धांकडून जाणून घ्यावे. कोणत्या खाचरात भरतीचे पाणी शिरे, बांध कोठे होता, हे मूळच्या आगरी-कोळी वस्तीला जेवढे ठाऊक असते, तेवढे दलालाला नसते.

आपल्यापैकी अनेकांची मूळ घरे सोलापूर, सांगली, नगर या भागांत आहेत. तेथील काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. हलक्या पायाचे घर तिच्याबरोबर वरखाली होते आणि भिंतींना तिरक्या चिरा जातात. अशा जमिनीसाठी तळाशी कंदासारखा फुगवटा असलेल्या आखूड पाइलची पद्धत रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने रुजवली. मुंबईचा ठेकेदार गावी नेला म्हणजे वाशीचा पाया तेथेही चालेल, असे नाही.

व्यवहाराच्या दृष्टीने सांगायचे तर विसारपावतीतच एक कलम असावे: खरेदीदारास स्वखर्चाने बोअर घेण्याची मुभा राहील आणि अहवाल प्रतिकूल आल्यास विसार परत मिळेल. विक्रेता यास कां-कूं करू लागला, तर तीही एक माहितीच समजावी. भारतीय मानक 1892 नुसार सुमारे 0.4 हेक्टर, म्हणजे एक एकराच्या आटोपशीर जागेसाठी चार कोपऱ्यांत चार आणि मध्यभागी एक छिद्र पुरेसे असते. लहान बांधकामास मध्यभागी एकही चालते. तथापि वाशीसारख्या ठिकाणी, जेथे खडकाची पातळी एकाच भूखंडात बदलू शकते, तेथे एकावर भागवणे मला अल्पसंतोषाचे वाटते. शेजारच्या इमारतीचा जुना अहवाल मिळाला तर अवश्य वाचावा, पण तो आपल्या जागेचा म्हणून वापरू नये.

अहवाल हाती आला की खडक किती खोलीवर आहे, हा आकडा घेऊन वास्तुविशारदाकडून पायाच्या खर्चाचा अंदाज मागवावा आणि तो जमिनीच्या दरात मिळवून दोन भूखंडांची तुलना करावी. खाडीकडचा स्वस्त दिसणारा भूखंड अशा वेळी पुष्कळदा महाग ठरतो. खडकाच्या कांड्या खोलीचे आकडे लिहून लाकडी पेट्यांत ओळीने ठेवलेल्या असतात. काम संपले की त्या टाकून दिल्या जातात, म्हणून त्याआधी घरातील कोणीतरी जबाबदार व्यक्तीने जाऊन त्या पाहाव्यात आणि त्यांची छायाचित्रे अहवालाबरोबर खरेदीखताच्या फायलीत ठेवावीत.