मितेरी पुलावरचे साडेचार महिने

शेजार : लेखांक ६

बिहारमधलं रक्सौल आणि नेपाळमधलं बीरगंज यांच्या मधून सिरसिया नावाची छोटी नदी वाहते. तिच्यावरचा पूल म्हणजे मितेरी पूल. नेपाळीत ‘मीत लावणं’ म्हणजे परक्या घरच्या माणसाला रीतसर विधी करून आपलं मानणं आणि सुतकापर्यंत ते नातं पाळणं. एरवी या पुलावरून सायकलरिक्षा, टांगे, मालाचे ट्रक आणि लग्नाची वऱ्हाडं ये-जा करतात, पासपोर्ट कुणी विचारत नाही. २०१५च्या सप्टेंबरअखेर याच पुलावर नेपाळच्या दक्षिणेकडच्या तराईतल्या मधेशी आंदोलकांनी नव्या संविधानाविरोधात ठाण मांडलं. पुलाच्या अलीकडे, रक्सौलमध्ये, ट्रकांची रांग लागली आणि या वाटेने नेपाळात जाणारं पेट्रोल, गॅस, औषधं सगळं अडकलं. कोंडी फुटायला फेब्रुवारी उजाडला.

मागच्या आठवड्यात आपण १९८९ची कोंडी पाहिली. राजे वीरेंद्र यांनी चीनकडून शस्त्रं घेतली, व्यापार आणि पारगमनाचे करार संपले आणि भारताने १५पैकी १३ नाकी बंद केली. तेव्हा समोर राजा होता आणि त्याच्या राजवटीला विटलेली जनताही होती. २०१५मध्ये समोर राजा नव्हता. लोकांनी निवडून दिलेली संविधान सभा होती, आणि तिने नुकतंच आपलं काम पुरं केलं होतं. हा फरक दिल्लीने पुरेसा ध्यानात घेतला नाही, असं मला वाटतं. पुढचं सगळं त्यातूनच घडत गेलं.

नेपाळची पहिली संविधान सभा २००८मध्ये निवडून आली आणि संविधान न लिहिताच २०१२मध्ये विसर्जित झाली. दुसरी २०१३मध्ये आली. तीही चर्चेच्या गुऱ्हाळात अडकली असती, पण २५ एप्रिल २०१५ला भूकंप झाला. सुमारे नऊ हजार माणसं गेली, लाखो घरं कोसळली. त्या धक्क्याने मोठे पक्ष घाईघाईने एकत्र आले आणि १६ सप्टेंबरला ५९८पैकी ५०७ मतांनी संविधान मंजूर झालं. २० तारखेला राष्ट्रपती रामवरण यादव यांनी त्याची प्रत कपाळाला लावली आणि ते जारी केलं. यादव स्वतः मधेशी, धनुषा जिल्ह्यातले. ते प्रत कपाळाला लावत होते त्या वेळी त्यांच्याच तराईत संचारबंदी होती आणि आंदोलनातल्या मृतांचा आकडा चाळिशीपार गेला होता.

मधेशींचं दुखणं खरं होतं, हे आधी स्वच्छ सांगायला हवं. नेपाळची जवळपास निम्मी लोकसंख्या तराईच्या सपाट पट्ट्यात राहते, पण सैन्यात, नोकरशाहीत, मंत्रालयांत वर्चस्व डोंगरातल्या उच्चवर्णीयांचं. प्रांतांच्या सीमा अशा आखल्या की मधेशी आणि तराईतलेच थारू बहुतेक ठिकाणी अल्पसंख्य ठरावेत. मतदारसंघ आखताना लोकसंख्येइतकंच भूगोलालाही वजन. आणि सर्वांत जिव्हारी लागणारी गोष्ट नागरिकत्वाची. नेपाळमधल्या जनकपूरच्या घरात बिहारमधल्या दरभंग्याची सून येते, हे तिकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. नव्या संविधानाने राष्ट्रपती, पंतप्रधान अशी सर्वोच्च पदं वंशपरंपरेने नागरिक असलेल्यांपुरती राखून ठेवली, लग्नाने नागरिक झालेल्यांना ती बंद. कायद्याच्या पुस्तकात हे एक कलम. जनकपूरच्या माजघरात त्याचा अर्थ एवढाच, की सून कायमची पाहुणी.

मग भारताचं चुकलं कुठे? मागणी रास्त होती, वेळ टळून गेलेली होती आणि हत्यार चुकीचं होतं. वर्षभरापूर्वी, ऑगस्ट २०१४मध्ये, नरेंद्र मोदी यांनी काठमांडूच्या संसदेत नेपाळीतून भाषणाला सुरुवात केली तेव्हा सभागृह हरखून गेलं होतं. सतरा वर्षांत भारताचा पंतप्रधान द्विपक्षीय भेटीला तिथे गेला नव्हता. भूकंपानंतर भारताची मदतीची विमानं काही तासांत पोहोचली. एवढी पुंजी हाताशी असताना मधेशींसाठी जो शब्द टाकायचा तो मसुद्यावर चर्चा चालू असताना, शांतपणे आणि ठामपणे टाकता आला असता. तेव्हाचे परराष्ट्र सचिव एस. जयशंकर पंतप्रधानांचे विशेष दूत म्हणून काठमांडूत उतरले ते १८ सप्टेंबरला. मतदान होऊन दोन दिवस झाले होते आणि घोषणेला दोन दिवस उरले होते. अशा वेळी आलेला दूत विनंती घेऊन आला तरी ऐकणाऱ्याला ती धमकी वाटते. संविधान जारी झालं तेव्हा चीनने अभिनंदन केलं. भारताने नुसती ‘दखल’ घेतली.

त्यानंतर ट्रक थांबले. आम्ही नाकाबंदी केलेली नाही, असं भारत शेवटपर्यंत सांगत राहिला. पलीकडे अशांतता आहे, चालक जायला घाबरतात, हे त्यावरचं स्पष्टीकरण. बीरगंजच्या बाबतीत त्यात तथ्य होतंच. पण नेपाळींचा सवाल साधा होता: जिथे आंदोलक नाहीत त्या नाक्यांवरूनही टँकर का येत नाहीत? नेपाळचं सारं पेट्रोल, डिझेल आणि गॅस तेव्हा एकट्या इंडियन ऑइलकडून येत असे, त्यामुळे या सवालाला पटेल असं उत्तर भारताला देता आलं नाही.

त्या हिवाळ्यात काठमांडूच्या स्वयंपाकघरांत गॅस नव्हता. सरकारी कंपनीने शहरात जळाऊ लाकूड विकायला काढलं. माणसं गच्चीत विटांच्या चुली मांडून भात शिजवू लागली. ज्यांनी इंडक्शनच्या शेगड्या आणल्या त्यांची गाठ भारनियमनाशी पडली. पुढे सिलिंडर मिळू लागले तेही निम्मेच भरलेले, प्रत्येकी ७.१ किलोचे. डोंगरात भूकंपग्रस्त पत्र्याच्या आणि ताडपत्रीच्या निवाऱ्यात होते. पाच वर्षांखालच्या तीस लाखांहून अधिक मुलांच्या जिवाला या हिवाळ्यात धोका आहे, असा इशारा युनिसेफने नोव्हेंबरमध्ये दिला. रत्नागिरी-देवगडच्या आंबाबागांत राखणीला आणि आपल्या बंदरांतल्या मच्छीमार बोटींवर नेपाळी माणसं असतात. त्यांच्या गावाकडच्या चुलीची ही गोष्ट आहे, एवढं आपण मराठी वाचकांनी मनात ठेवावं.

नेपाळमध्ये झालेली चूक वेळीच सुधारणं दिल्लीला आधी जमलं होतं, म्हणून जास्त वाईट वाटतं. राजे ज्ञानेंद्र यांनी फेब्रुवारी २००५मध्ये सत्ता हाती घेतली तेव्हा भारताने शस्त्रपुरवठा थांबवला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सात पक्ष आणि माओवादी यांच्यातला बारा कलमी समझोता दिल्लीतच घडला. एप्रिल २००६मध्ये रस्ते माणसांनी भरले तेव्हा भारताने करण सिंह यांना दूत म्हणून पाठवलं. त्यांची पत्नी नेपाळच्या राणा घराण्यातली, म्हणजे धागा राजवाड्याशी जुळणारा. २१ एप्रिलला राजाने सत्ता पक्षांकडे सोपवण्याची घोषणा केली, भारताने तिचं स्वागत केलं, आणि रस्त्यावरच्या लोकांनी ती धुडकावली. दिल्लीने चूक ओळखायला वेळ लावला नाही. परराष्ट्र सचिव श्याम सरन यांनी लगेच खुलासा केला की नेपाळी जनता ठरवील ते भारताला मान्य. २४ तारखेला राजाने संसद पुन्हा बोलावली. चूक तेव्हाही झाली होती, पण ती दोन-तीन दिवसांत सुधारली गेली. २०१५मध्ये तेवढ्यासाठी साडेचार महिने लागले.

त्या साडेचार महिन्यांचा सर्वांत मोठा लाभ झाला खड्गप्रसाद ओली यांना. ते ११ ऑक्टोबरला पंतप्रधान झाले आणि मधेशींचा प्रश्न सोडवण्याऐवजी ‘भारतापुढे झुकणार नाही’ या एका वाक्यावर उभे राहिले. चीनने तिबेटमधल्या केरुंगमार्गे १००० टन पेट्रोल फुकट दिलं. नेपाळची गरज पाहता ते चार दिवसही पुरण्यासारखं नव्हतं, पण त्या टँकरांचं स्वागत झालं ते पाहुण्यांसारखं. मार्च २०१६मध्ये ओली बीजिंगला जाऊन पारगमनाचा करार करून आले. चीनची बंदरं तीन हजार किलोमीटरहून लांब, कोलकाता त्याच्या पाव अंतरावर. व्यापारी आजही मुख्यतः भारतीय बंदरांतच माल उतरवतात. तरीही दुसरं दार आहे, ही भावना घराघरांत शिरली. २०१७च्या निवडणुकीत ओलींच्या डाव्या आघाडीला दोन तृतीयांशाच्या जवळपास बहुमत मिळालं.

आणि मधेशी? २३ जानेवारी २०१६ला संविधानात पहिली दुरुस्ती झाली. मतदारसंघांसाठी लोकसंख्या हा मुख्य निकष ठरला, प्रमाणशीर वाटा देणारं कलम आलं. प्रांतांच्या सीमा मात्र तशाच राहिल्या. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात धंदा बुडालेल्या व्यापाऱ्यांनीच पुलावरचे अडथळे हटवले. पण ज्यांच्या नावाने हे सगळं झालं, त्यांच्या कपाळी ‘भारताची माणसं’ हा जुना शिक्का अधिक गडद झाला. आपल्याच देशात हक्क मागणारा मधेशी काठमांडूच्या टॅक्सीत बसला की त्याला गॅसचा जाब विचारला जाई.

भारताने पुढे डागडुजी केली, आणि ती मोलाची होती. मोतिहारी ते अमलेखगंज ही ६९ किलोमीटरची तेलवाहिनी सप्टेंबर २०१९मध्ये सुरू झाली. टँकरांच्या रांगेवरचं अवलंबित्व कमी झालं. पण पुढच्याच वर्षी लिपुलेखच्या रस्त्यावरून वाद पेटला आणि नेपाळने लिपुलेख आपल्या हद्दीत दाखवणारा नवा नकाशा संविधानात घातला, तेव्हा त्या दुरुस्तीविरोधात काठमांडूच्या संसदेत एकही मत पडलं नाही.

तराईतल्या त्या प्रांताला बरीच वर्षं नाव नव्हतं. प्रदेश क्रमांक दोन, एवढंच. जानेवारी २०२२मध्ये जनकपूरच्या प्रांतिक सभेत मतदान झालं आणि त्याला मधेश हे नाव मिळालं. त्या दिवशी पुलावर एकही ट्रक अडलेला नव्हता आणि दिल्लीहून कुणी दूतही आलेला नव्हता.